रात्रीचे ताट आणि हृदयाचे घड्याळ



उसाच्या हंगामात आमच्या धर्मग्रामातील एका शेतकऱ्याला आम्ही मूठमाती दिली. वय अवघे एकोणपन्नास. घरच्यांच्या संमतीने हा प्रसंग येथे लिहीत आहोत, नाव मात्र मुद्दाम गाळले आहे. त्या रात्री पंपाची वीज दहाला आली. उसाला पाणी पाजून हे गृहस्थ साडेअकराला घरी परतले. झाकून ठेवलेली भाकरी, सुकटीची चटणी आणि वर ताटभर भात असे भुकेल्या पोटी जेवले आणि हात धुऊन तसेच आडवे झाले. दोनच्या सुमारास छातीत जळजळ सुरू झाली. पित्त खवळले असे समजून सोडा घेतला, ओवा चावला. पहाटे पाचला अंगाला दरदरून घाम सुटला आणि दवाखान्याच्या वाटेवरच सर्व संपले.

सांत्वनासाठी गेलो तेव्हा त्यांच्या पत्नीने एकच प्रश्न विचारला, "फादर, ह्यांना कधी साधा ताप येत नव्हता. मग हे असे कसे झाले?" त्या वेळी आम्हांला उत्तर देता आले नाही. एका रात्रीच्या जेवणाने निरोगी माणूस दगावत नाही, हे खरे. त्यांना बिडीची सवय होती आणि रक्तदाब आयुष्यात कधी मोजलेला नव्हता, हेही खरे. तरी तो प्रश्न मनातून जाईना. म्हणून डॉक्टरांना विचारले, मिळाले ते वाचले आणि त्यातून जे उमगले ते आपल्यापुढे मांडत आहोत. काय खावे हे आपल्याला पुष्कळ जण सांगतात. केव्हा खावे याचाही हृदयाशी संबंध आहे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

लाजाळू आणि शेवंती

बांधावरची लाजाळू आपण सर्वांनी पाहिली आहे. दिवसा तिची पाने उघडी असतात, रात्री मिटतात. १७२९ साली फ्रान्समधील द मेराँ नावाच्या शास्त्रज्ञाने लाजाळूच्या जातीचे एक रोप अंधारात नेऊन ठेवले. सूर्य दिसत नसतानाही त्याची पाने दिवसाच्या वेळी उघडत आणि रात्रीच्या वेळी मिटत राहिली. रोपाच्या आतच वेळ मोजणारे काहीतरी आहे, हा विचार पुढे तेथून वाढत गेला.

दुसरे उदाहरण शेवंतीचे. कर्नाटकात आणि महाराष्ट्रात शेवंतीची लागवड करणारे काही शेतकरी रात्री मळ्यात विजेचे दिवे लावतात, हे आपल्यापैकी कित्येकांनी पाहिले असेल. शेवंतीला कळी धरण्यासाठी लांब रात्र लागते. रात्रीत दिवा लावला की झाड फसते. दिवस अजून मोठा आहे असे समजून ते फुलायचे थांबते आणि नुसते वाढत राहते. बाजारभाव पाहून फुले पुढे ढकलण्याची ही युक्ती आहे. झाडाच्या अंगात घड्याळ नसते, तर दिव्याने ते फसलेच नसते.

जे रोपाचे, तेच गुराढोरांचे आणि माणसाचे. धारेची वेळ चुकली की गाय अस्वस्थ होते, हे आपणांस सांगायला नको. १९५९ साली फ्रांत्स हालबर्ग यांनी या दैनिक लयीला लॅटिन भाषेतील दोन शब्द जोडून नाव दिले. 'सिर्का' म्हणजे सुमारे आणि 'दिएस' म्हणजे दिवस. सेमिनरीत घोकलेले लॅटिन असे कामी येईल, असे आम्हांला कधी वाटले नव्हते. 'सुमारे' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. माणसाच्या आतील घड्याळाचा एक फेरा सरासरी २४ तास ११ मिनिटांचा असतो, असे १९९९ साली अमेरिकेतील हार्वर्डच्या संशोधकांनी मोजून दाखविले. म्हणजे हे घड्याळ रोज थोडे मागे पडते आणि ते रोज जुळवून घ्यावे लागते. सकाळचा उजेड हे काम करतो.

घड्याळ एक नव्हे, अनेक

हे घड्याळ असते कोठे? मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जेथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर सुमारे वीस हजार पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. १९७२ साली त्याचा शोध लागला. डोळ्यांत शिरणारा उजेड त्याला दिवस उगवल्याची खबर देतो आणि तो शरीराला वेळ सांगतो.

घड्याळाची चाके कशी फिरतात, याचा माग मात्र पिकलेल्या केळ्यावर घोंघावणाऱ्या चिमुकल्या फळमाशीने लावून दिला. १९७१ साली कोनोप्का आणि बेंझर यांना अशा माश्या सापडल्या, की ज्यांच्या एका जनुकात बिघाड होता आणि त्यामुळे त्यांची दैनिक लय बिघडली होती. १९८४ साली ते जनुक वेगळे काढण्यात यश आले. पेशीत त्या जनुकाच्या हुकमाने एक प्रथिन तयार होते. ते पुरेसे साठले की आपल्याच जनुकाला गप्प बसविते. मग ते प्रथिन हळूहळू नष्ट होते आणि जनुक पुन्हा जागे होते. हा फेरा साधारण चोवीस तासांत पुरा होतो. या कामाबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता मुख्य गोष्ट. असे घड्याळ फक्त मेंदूत नसते. यकृत, मूत्रपिंड, स्वादुपिंड, रक्तवाहिन्या आणि हृदयाचा स्नायू, या सर्वांच्या पेशींत ते चालू असते. मेंदूतील घड्याळ हे देवळाच्या मनोऱ्यावरचे मोठे घड्याळ समजावे आणि बाकीची घरोघरची. मनोऱ्यावरचे घड्याळ उजेडाने जुळते. घरोघरची घड्याळे मनोऱ्याकडे पाहतात खरी, पण त्यांना आणखीही कोणीतरी वेळ सांगत असते. ते म्हणजे अन्न.

हृदयाचा दिवस, हृदयाची रात्र

मिनिटाला सत्तर ठोके धरले, तर हृदय दिवसभरात एक लाखाच्या वर ठोके देते. त्याला सुट्टी नाही. परंतु रात्री त्याला थोडी उसंत मिळते. निरोगी माणसाच्या हृदयाची गती झोपेत मंदावते आणि रक्तदाब दिवसाच्या मानाने दहा ते वीस टक्के उतरतो. बैलाच्या मानेवरून जू काढल्यासारखेच हे आहे. ज्यांचा रक्तदाब रात्री असा उतरत नाही, त्यांना हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका अधिक असतो.

पहाट होऊ लागली की शरीर उठण्याची तयारी करते. रक्तात जागृतीची रसायने वाढतात, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो. रक्ताची गुठळी विरघळू न देणाऱ्या एका द्रव्याचे प्रमाणही आतील घड्याळानुसार सकाळच्या सुमारास सर्वांत जास्त असते. निरोगी माणसाला याचा काही त्रास होत नाही. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत, त्याला मात्र हीच वेळ जड जाते. १९८५ साली अमेरिकेत हृदयविकाराच्या शेकडो रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा झटका सुरू होण्याचे प्रमाण सकाळी नऊच्या सुमारास सर्वांत जास्त आढळले. रात्री अकराच्या मानाने ते तिप्पट होते.

म्हणून रात्रीची उसंत ही चैन नव्हे. पुढच्या सकाळचा चढ चढण्यासाठी हृदयाला ती हवी असते. प्रश्न असा, की ती उसंत आपण त्याला देतो का?

भरपेट जेवणानंतर पोटाकडे आणि आतड्यांकडे जास्त रक्त पाठवावे लागते. त्यासाठी हृदयाला पुढील दोन-तीन तास अधिक काम करावे लागते. दुपारी हे काम त्याला सहज झेपते. रात्री अकराला ताट वाढले, तर जू काढण्याच्या वेळीच आपण पुन्हा गाडी जुंपतो. शिवाय रात्री झोपेचे संप्रेरक वाढले की स्वादुपिंडाचे काम मंदावते. २०१५ साली बोस्टन येथे निरोगी माणसांना सकाळी आठला आणि रात्री आठला तेच जेवण देऊन पाहिले. रात्रीच्या जेवणानंतर रक्तातील साखर सुमारे १७ टक्के अधिक चढली. ताट तेच, माणूस तोच, वेळ तेवढी वेगळी. वर्षानुवर्षे अशी साखर चढत राहिली, तर रक्तवाहिन्यांचे नुकसान होते आणि तो भार शेवटी हृदयावरच येतो.

ताट घड्याळाचे काटे फिरविते

अन्न शरीरातील घड्याळांना वेळ सांगते, हे २००० साली जिनिव्हा येथे उंदरांवर स्पष्ट झाले. उंदीर रात्री खाणारा प्राणी. त्यांना फक्त दिवसा खायला दिले, तेव्हा त्यांच्या यकृताचे घड्याळ लवकरच उलटे झाले आणि हृदयाचेही त्यामागोमाग काही दिवसांत फिरले. मेंदूतील घड्याळ मात्र उजेडाला धरून पूर्वीसारखेच चालत राहिले. म्हणजे मनोऱ्यावर मध्यरात्र आणि घरात दुपार. एका घरात दोघांनी दोन घड्याळे पाहून कामे केली तर जो गोंधळ होईल, तोच या शरीरात होतो.

फळमाशीवरचा दुसरा प्रयोग २०१५ सालचा. त्यात पुढाकार घेणारे सच्चिदानंद पांडा हे मूळ ओडिशाचे. त्यांच्या शिक्षणाची सुरुवात कृषी महाविद्यालयात झाली, हे आपल्या पानाच्या वाचकांना वाचून आनंद होईल. काही माश्यांना अष्टौप्रहर खाणे मोकळे ठेवले, काहींना फक्त दिवसाचे बारा तास. दोन्हींनी खाल्ले साधारण सारखेच. पण ठराविक वेळात खाणाऱ्या माश्यांची झोप चांगली राहिली, वजन कमी वाढले आणि म्हातारपणीही त्यांच्या हृदयाचे ठोके अधिक नियमित राहिले.

माशी आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे, असे कोणी म्हणेल आणि ते बरोबरच आहे. म्हणून आता माणसांकडे येऊ. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वीस निरोगी तरुणांना दोन आठवडे, जेथे खिडकी नाही की घड्याळ नाही अशा जागेत ठेवून रात्रपाळीसारखे जागविले. काहींना दिवसा आणि रात्री असे दोन्ही वेळा जेवण दिले, काहींना फक्त दिवसा. जे रात्रीही जेवले, त्यांच्या हृदयावर चालणारा मज्जातंतूंचा ताबा आणि गुठळीस मदत करणारे ते द्रव्य, या गोष्टी रात्रपाळीनंतर बिघाडाकडे झुकल्या. जे फक्त दिवसा जेवले, त्यांच्यात असा बिघाड दिसला नाही. जागरण दोघांचेही होते, फरक होता तो ताटाचा. माणसे थोडी आणि दिवस थोडे, म्हणून यावरून फार मोठे विधान करू नये. परंतु रात्री मोटर चालू करायला जाणाऱ्या माणसाने ही गोष्ट ध्यानी ठेवावी.

फ्रान्समध्ये एक लाखाहून अधिक माणसांच्या जेवणाच्या नोंदी घेऊन त्यांच्यावर सरासरी सात वर्षे लक्ष ठेवले गेले. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दिवसाचे पहिले खाणे जितके उशिरा, तितका हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराचा धोका अधिक. दर तासाच्या उशिरामागे सुमारे सहा टक्के. शेवटचे जेवण रात्री नऊनंतर घेणाऱ्यांना, आठच्या आत जेवणाऱ्यांच्या मानाने, मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार होण्याचा धोका २८ टक्क्यांनी जास्त आढळला आणि हा फरक स्त्रियांत अधिक स्पष्ट होता. घरातील सर्वांना वाढून शेवटी जेवणाऱ्या आमच्या माता-भगिनींकडे पाहून आम्हांला हा आकडा बोचला. अशा पाहणीवरून कारण ठामपणे सिद्ध होत नाही. उशिरा जेवणाऱ्यांच्या इतर सवयीही वेगळ्या असू शकतात. परंतु माशी, उंदीर, तरुण आणि लाखभर माणसे अशा चारही बाजूंनी बोट एकाच दिशेकडे दाखवीत असेल, तर शहाण्याने तिकडे पाहावे.

आमच्या सीमाभागातील कित्येक जैन शेतकरी सूर्य मावळण्यापूर्वी जेवतात. त्यांचा हेतू अहिंसेचा आहे, हृदयाचा नव्हे. पण वीज येण्यापूर्वी आपल्या सर्वांच्याच घरी दिवेलागणीला ताटे मांडली जात, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. सकाळी पेज किंवा भाकरीची न्याहारी, दुपारी बांधावर जेवण आणि दिवस मावळता हलके जेवण, हा क्रम शरीराच्या घड्याळाशी जुळणारा होता. आता सकाळी नुसता चहा आणि बटर, दुपारी घाईचे दोन घास आणि टीव्हीवरच्या मालिका संपल्यावर दिवसाचे सर्वांत मोठे जेवण असा उलटा क्रम पुष्कळ घरांत झाला आहे.

ताटात काय असावे

वेळ सांभाळली म्हणजे काहीही खावे असा अर्थ कोणी काढू नये. मिठाचाच विचार करा. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे. म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही पुरा नव्हे. यात आमटीतले, भाकरीतले, लोणचे, पापड, सुकी मासळी आणि बाजारच्या फरसाणातले असे सर्व मीठ आले. मिठाचा संबंध थेट रात्रीच्या उसंतीशी आहे. जास्त मीठ शरीराबाहेर टाकण्यासाठी मूत्रपिंडांना रात्रीही दाब वाढवून काम करावे लागते. १९९७ साली जपानमधील डॉक्टरांनी, ज्यांचा रक्तदाब रात्री उतरत नव्हता अशा काही रुग्णांचे मीठ कमी केले, तेव्हा त्यांचा रक्तदाब रात्री पुन्हा उतरू लागला. म्हणून सुकट-सुकी मासळी खायचीच असेल तर दुपारी, थोडी आणि पाण्यात भिजवून मीठ काढून खावी. रात्रीच्या ताटात लोणचे-पापड ठेवूच नये.

जोंधळा आणि नाचणी ही आपली धान्ये, मूग-मटकी-कुळीथ ही कडधान्ये, पालेभाज्या आणि केळे हे सर्व हृदयाला हितकारक आहे. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी केळी, नारळपाणी व पालेभाज्यांबाबत आधी डॉक्टरांना विचारावे. पांढऱ्या भाताचा डोंगर मात्र रात्री कोणीच करू नये.

दारूविषयी एक शब्द. १९७८ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी सुट्टीच्या दिवसांनंतर हृदयाचे ठोके अनियमित झालेले रुग्ण पाहून या प्रकाराला 'हॉलिडे हार्ट' असे नाव दिले. सणाला वा लग्नाला भरपूर पिणे हे त्याचे कारण. आपल्याकडे ते नाव नसले तरी ती रात्र आहे. वरातीनंतर मध्यरात्री मटण, भात आणि दारू, मग जागरण. छातीत धडधड झाली तर त्याला थकवा समजू नये.

रात्री काम असेल तर

आता कोणी म्हणेल, फादरना उपदेश करायला काय जाते? वीज रात्री येते, गुऱ्हाळ रात्रभर चालते, रानडुकरांपासून भात राखायला माळ्यावर बसावे लागते, कारखान्याची पाळी आपल्या हातात नसते. हे खरे आहे आणि आम्हांला ते मान्य आहे. पंपाला दिवसा वीज मिळावी, ही शेतकऱ्यांची जुनी मागणी आहे. ती आरोग्याचीही मागणी आहे, असे आता आम्हांला वाटते. तोपर्यंत जे हातात आहे ते करावे.

रात्री शेतावर जायचे असेल, तर मुख्य जेवण जाण्यापूर्वी, सात-साडेसातच्या आत करावे. परत आल्यावर ताट मांडू नये. फारच भूक लागली तर पेलाभर ताक, मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा चणे एवढ्यावर भागवावे. कडक चहाचे पेले मध्यरात्रीनंतर टाळावेत. सकाळी उठल्यावर थोडा वेळ उजेडात बसून न्याहारी करावी आणि पोटभर करावी. अमेरिकेतील सॅन डिएगो शहरात चोवीस तासांच्या पाळीत काम करणाऱ्या अग्निशमन दलाच्या १३७ जवानांवर असा प्रयोग झाला. त्यांतील काहींनी बारा आठवडे आपले सर्व खाणे दहा तासांच्या आत बसविले. आग विझवायला धावणाऱ्या माणसांना हे जमले, आणि ज्यांना आधीपासून रक्तदाब वा साखरेचा त्रास होता त्यांना त्याचा फायदाही दिसला. २०२२ साली हे प्रसिद्ध झाले.

अतिरेक मात्र करू नये. दिवसातून आठच तास खाऊन बाकीचा दिवस उपाशी राहण्याची टूम आता शहरांतून खेड्यांतही येत आहे. २०२४ साली अमेरिकेतील सुमारे वीस हजार माणसांच्या नोंदींवरून असे मांडले गेले, की आठ तासांपेक्षा कमी वेळात सर्व खाणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने मृत्यूचे प्रमाण, बारा ते सोळा तासांत खाणाऱ्यांच्या मानाने, अधिक होते. या पाहणीतूनही कारण सिद्ध होत नाही, पण घाईने कोणाच्या नादी लागू नये एवढा इशारा त्यात आहे. सकाळी सातला न्याहारी आणि संध्याकाळी सातला शेवटचा घास, हे बारा तासांचे माप कष्टकऱ्याला पुरेसे आणि झेपणारे आहे.

उपवास आणि गोळ्या

राखेच्या बुधवारी आणि शुभ शुक्रवारी उपवास करणाऱ्यांपैकी ज्यांना मधुमेह आहे, जे इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेतात, ज्यांना हृदयविकार आहे, तसेच गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांनी आपल्या मनाने उपवास धरू नये. उपवासाचा नियम आजाऱ्यांना लागू नाही. साठीकडे झुकलेल्यांनाही, एकोणसाठ पूर्ण झाल्यावर, तो बंधनकारक नाही. दिवसभर उपाशी राहून रात्री नऊला दुप्पट जेवणे हे तर कोणालाच हितकारक नाही.

रक्तदाबाची गोळी सकाळी घ्यावी की रात्री, असे आम्हांला पुष्कळ जण विचारतात. याचे उत्तर २०२२ साली ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीतून मिळाले. सकाळी घेणारे आणि रात्री घेणारे यांच्यात झटका, पक्षाघात वा मृत्यू यांच्या बाबतीत फरक आढळला नाही. तेव्हा ज्या वेळी आठवण राहते ती वेळ धरावी, आणि डॉक्टरांनी ठराविक वेळ सांगितली असेल तर ती पाळावी. बरे वाटते म्हणून गोळी बंद करणे, हीच खरी घातक चूक आहे.

आमचीही एक कबुली येथे देतो. सभा, घरभेटी, आजाऱ्यांच्या भेटी असे सर्व उरकून रात्री साडेदहाला जेवायचे, ही सवय आम्हांला कित्येक वर्षे होती. तपासणीत रक्तदाब वाढलेला निघाला. चोवीस तास दंडाला पट्टा बांधून मोजला, तेव्हा तो रात्रीही उतरत नाही असे दिसले. आता गोळी चालू आहे, मीठ कमी केले आहे आणि जेवण साडेसातला होते. सभा असेल तर जेवूनच जातो. पहिले पंधरा दिवस रात्री भूक लागे, पुढे लागेनाशी झाली. सगळे श्रेय जेवणाच्या वेळेला देता येणार नाही, कारण गोळीही आहे. पण सकाळी उठताना जो जडपणा वाटे, तो गेला आहे.

छातीत दुखले तर

हा भाग कापून भिंतीला लावावा. छातीच्या मधोमध दाब, जळजळ किंवा आवळल्यासारखे वाटणे, वेदना डाव्या हाताकडे, जबड्याकडे वा पाठीकडे जाणे, थंड घाम, धाप, मळमळ, ही लक्षणे काही मिनिटांत गेली नाहीत, तर ते पित्त समजू नये. स्त्रियांना आणि मधुमेहींना छातीत न दुखता नुसता थकवा, धाप व मळमळ होऊन झटका येऊ शकतो. सोडा, ओवा, मालीश यांत वेळ घालवू नये. रुग्णाला चालवत नेऊ नये, मोटारसायकलवर मध्ये बसवूनही नेऊ नये. १०८ वर फोन करावा. त्याला विलंब होत असेल तर मिळेल त्या चारचाकीने, जेथे ई.सी.जी. निघतो अशा जवळच्या रुग्णालयात न्यावे. कर्नाटकात २०२३ पासून डॉ. पुनीत राजकुमार हृदयज्योती योजनेखाली तालुका रुग्णालयांत ई.सी.जी. काढून तज्ज्ञांना पाठविण्याची आणि गुठळी विरघळविणारे इंजेक्शन मोफत देण्याची सोय करण्यात आली. आपल्या तालुक्यात ती कोठे आहे, हे आजच चौकशी करून ठेवावे, कारण रात्री दोनला चौकशी करायला सवड नसते. पहिल्या काही तासांत जितक्या लवकर उपचार, तितका हृदयाचा स्नायू वाचतो.

चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. बिडी, तंबाखू सोडावी. येत्या रविवारी घरी जाऊन एक साधी गोष्ट करावी. आपल्या घरातील पहिला घास किती वाजता आणि शेवटचा घास किती वाजता, हे आठवडाभर कॅलेंडरवर लिहून ठेवावे. शेवटच्या घासाची वेळ दर आठवड्याला पाव-अर्धा तास अलीकडे आणीत जावे. घरची स्त्री शेवटी जेवत असेल, तर तिचीही वेळ त्यात लिहावी. तिला सर्वांसोबत बसवावे.

आमच्या त्या दिवंगत बंधूंच्या घरी परवा संध्याकाळी गेलो होतो. सात वाजले होते. त्यांच्या पत्नी मुलांना घेऊन जेवायला बसल्या होत्या. मोठ्या मुलाला दहाला शेतावर जायचे होते. "पाणी सोडायला त्यालाच जावे लागते फादर," त्या म्हणाल्या, "पण आता जेवल्याशिवाय मी त्याला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाही." आम्हांलाही त्यांनी पान वाढले आणि आम्ही बसलो.